‘रोमिओ आणि ज्युलिएट’ कार्यकर्त्यांनी का वाचावे?

(युवक कार्यकर्त्यांच्या पुणे येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शेतमालाचे भाव, कामगार कायदे, पंचायत राज्य अशा विषयांच्या ओळीत शेक्सपिअरचे एक नाटक पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते समजावून सांगायला इंग्रजीचा नव्हे, तर अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक उभा राहिलेला पाहून ते नवल वाढलेही असेल. म्हणून प्रथम या निवडीमागचे कारण सांगतो.

तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या दारी कधी ना कधी एक मुलगा आणि एक मुलगी येऊन उभी राहतात. त्यांची जात वेगळी असते, कधी धर्म वेगळा असतो. लग्न करायचे आहे आणि घरचे जिवंत सोडणार नाहीत, एवढेच त्यांना सांगायचे असते. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात तपशिलाने दिलेले नसते. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात ते आयते मिळेल असेही मी म्हणत नाही. परंतु काय केले असता अनर्थ होतो, हे त्या नाटकात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

कथानक थोडक्यात असे. इटलीतील व्हेरोना शहरात कॅप्युलेट आणि मॉण्टेग्यू या दोन धनाढ्य घराण्यांचे जुने वैर आहे. मॉण्टेग्यूंचा रोमिओ आणि कॅप्युलेटांची ज्युलिएट एका मेजवानीत भेटतात आणि दुसऱ्याच दिवशी फ्रायर लॉरेन्स नावाचा साधू त्यांचे गुपचूप लग्न लावून देतो. त्याच दुपारी रस्त्यावरच्या चकमकीत ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट हा रोमिओच्या मित्राला ठार करतो आणि रोमिओ टिबॉल्टला. रोमिओला हद्दपारी होते. इकडे ज्युलिएटचा बाप तिचे लग्न पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवून मोकळा होतो. त्यातून सुटण्यासाठी साधू तिला बेचाळीस तास मृतवत ठेवणारे औषध देतो आणि रोमिओला पत्र धाडतो. ते पत्र पोचत नाही. ती खरेच मेली असे समजून रोमिओ तिच्या थडग्यापाशी विष घेतो, आणि शुद्धीवर आलेली ज्युलिएट त्याचाच खंजीर स्वतःच्या छातीत खुपसते. रविवारी सकाळी सुरू झालेले हे सारे गुरुवारच्या पहाटेपर्यंत आटोपते.

महाविद्यालयांतून हे नाटक बहुधा दैवदुर्विलास म्हणून शिकविले जाते. पत्र वेळेवर मिळाले असते तर, ज्युलिएट थोडी आधी जागी झाली असती तर, अशा हळहळीत तास संपतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र वेगळे प्रश्न पडतात. या शहरात कोण कोणाचे अन्न खातो? मालमत्ता कोणाच्या नावावर आहे? निर्णय कोण घेतो, आणि ज्याच्याविषयी घेतो त्याला तो कधी कळतो? या प्रश्नांनिशी वाचले की दैवाचा वाटा बराच आटतो.

पहिली गोष्ट वैराची. हे वैर कशावरून सुरू झाले हे संपूर्ण नाटकात कोणीच सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. नाटक सुरू होते ते मालकांच्या नव्हे, तर नोकरांच्या भांडणाने. कॅप्युलेटांकडचे दोन गडी मॉण्टेग्यूंच्या गड्यांना डिवचतात. त्यांचे आपसांत काहीही वाकडे नाही. ज्या घरचे अन्न खायचे त्या घरचे वैर आपले मानायचे, इतकाच त्याचा अर्थ. कारण विसरले गेले तरी वैर टिकते, कारण त्यावर शेकडो माणसांचे पोट, मानपान आणि दरारा अवलंबून असतो. आपल्या गावांत पाटलाच्या पोरीच्या मागावर जाणाऱ्या मोटारसायकली कोण चालवीत असतात, हे आपण पाहिले आहे. त्यांतल्या अनेकांच्या नावावर एक गुंठाही जमीन नसते.

याच पहिल्या प्रवेशात आणखी एक गट रंगमंचावर येतो, आणि त्याच्याकडे टीकाकारांचे फारसे लक्ष जात नाही. शहरातले सामान्य नागरिक काठ्या घेऊन धावत येतात आणि दोन्ही घराण्यांचा धिक्कार करतात. दोन्ही घरांच्या बाहेर उभी असलेली ही एकमेव शक्ती आहे. पण ती संघटित नाही. ती चिडते, गोळा होते आणि पांगते. ज्युलिएटला आधाराची गरज लागते तेव्हा या नागरिकांपैकी एकाचेही दार तिला ठाऊक नसते. शोकांतिकेचे मूळ मला येथे दिसते.

दुसरी गोष्ट लग्नाची. ज्युलिएट ही कॅप्युलेटचे एकुलते उरलेले अपत्य, म्हणजेच त्याची वारस. जो तिला वरील त्याला पैसा मिळेल, हे तिची दाईसुद्धा बोलून दाखविते. आरंभी बाप पॅरिसला सांगतो की मुलगी लहान आहे, दोन वर्षे थांबा आणि तिची संमती मिळवा. हा बाप उदार वाटतो. टिबॉल्ट मारला जाताच तोच बाप मुलीला न विचारता तीन दिवसांत लग्न उरकायला निघतो, आणि ती नाही म्हणताच तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर भीक मागत मरू देण्याची धमकी देतो. मुलीची संमती ही त्याच्या लेखी घराला परवडते तोवरची सवलत होती. घराचे हित धोक्यात येताच ती परत घेतली जाते. आपल्याकडची पुष्कळ सुशिक्षित घरे मुलीला शिकवितात, नोकरी करू देतात, तिला मित्र आहेत याचे कौतुकही करतात. कॅप्युलेट त्या घरांतून परका वाटू नये.

या धमकीनंतर दाई काय करते? जिने निरोप पोचविले, लग्नाला मदत केली, तीच दाई आता रोमिओला विसरून पॅरिसशी लग्न करण्याचा सल्ला देते. तिला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. तिची भाकरी कॅप्युलेटच्या घरात आहे. मांटुआ शहरातला तो औषधविक्याही असाच. विष विकणाऱ्याला तिथे देहदंड आहे, तरी उपासमारीने खंगलेला तो माणूस रोमिओला विष विकतो. कायदा कडक होता, पण भूक त्याहून कडक होती. पराधीन माणसाच्या सहानुभूतीवर कोणाचे संरक्षण उभे राहू शकत नाही, हा धडा या दोन लहान भूमिकांत आहे.

आता जरा आपल्या शहराकडे वळू. १८८२ साली नारायण बापूजी कानिटकर यांनी ‘शशिकला आणि रत्नपाल’ या नावाने हे नाटक मराठीत आणले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदावे वर्ष लागायच्या आतली आहे. आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या ज्या काव्यावरून त्याने कथा घेतली, त्यातली नायिका सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. शेक्सपिअरने तिचे वय मुद्दाम उतरविले. इंग्रज प्रेक्षकाला ती फारच कोवळी वाटावी, असा त्यात हेतू असणार. १८८२ च्या पुण्यातील उच्चवर्णीय घरांत मात्र तेरा वर्षांची अविवाहित मुलगी ही कोवळी नव्हे, तर घोडनवरी ठरली असती!

याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. प्रेमासाठी घराण्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मुलीची कथा मराठीत आणणाऱ्या याच कानिटकरांनी १८८६ साली ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ लिहून शिकलेल्या स्त्रियांची आणि स्त्रीस्वातंत्र्याची टर उडविली, आणि पुढे संमतिवयाच्या कायद्यावरही विरोधी नाटक रचले. तो १८९१ चा कायदा संमतिवय दहावरून बारावर नेत होता, इतकीच त्याची मजल होती. त्याच दशकात रखमाबाईंनी, बालपणी लावून दिलेले लग्न नाकारीत, वेळ पडली तर तुरुंगात जाण्याची तयारी मुंबईच्या न्यायालयात दाखविली. आणि पुण्यातील सनातनी पत्रांनी त्यांच्यावर आग पाखडली. दोष एकट्या कानिटकरांचा नव्हे. रंगमंचावरच्या ज्युलिएटसाठी अश्रू ढाळायचे आणि घरातल्या ज्युलिएटला दार बंद करायचे, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी रीत आहे. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने महाराष्ट्र हलविला. त्या चित्रपटाच्या गाण्यांवर वराती नाचल्या. त्यांतल्या किती वराती जातीबाहेर निघाल्या होत्या, याचे उत्तर आपण सारे जाणतो. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास स्त्रियांचे विवाह आंतरजातीय आढळले.

‘सैराट’चे नाव निघाले म्हणून एक सावधगिरीचा इशारा देतो. शेक्सपिअरची दोन घराणी प्रतिष्ठेने समान आहेत, हे तो आरंभीच सांगून टाकतो. तलवार दोन्हीकडे आहे आणि मुडदे दोन्हीकडे पडतात. आपल्याकडचे चित्र असे नाही. डॉ. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तीत एक घर वर असते आणि दुसरे खाली. मुलगी वरच्या घरची आणि मुलगा खालच्या घरचा असेल, तर केवळ त्या मुलावर नव्हे, त्याच्या आईबापांवर आणि साऱ्या वस्तीवर संकट कोसळते. उलट प्रकारात मुलीला सोडून दिले जाते आणि वरचे घर नामानिराळे राहते. म्हणून अशा प्रसंगांना ‘दोन कुटुंबांतील वाद’ म्हणणे ही वृत्तपत्रांची आणि पोलीस ठाण्यांची सोयीची भाषा असते. हे नाटक वाचताना व्हेरोनातले वैर म्हणजेच आपली जात, असे समीकरण करू नका. ते केले तर दोन्ही पक्षांना सारखेच दोषी धरून आपण मोकळे होऊ.

या विषमतेच्या मुळाशी भावना आहेत, तशी जमीनही आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. प्रत्यक्षात लग्न झालेल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत चालूच आहे. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. मुलीने जातीबाहेर लग्न केले की हा मूक करार मोडतो. माहेर आधीच तुटलेले असते; मग सही कशासाठी करायची? दुसऱ्या जातीचा जावई उद्या बांधावर येऊन उभा राहील, ही भीती अब्रूच्या भाषेत बोलली जाते. महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय विवाहासाठीचे साहाय्य २०१० साली ५० हजार रुपयांवर नेले. ते मिळावे, जरूर मिळावे. पण एका बागायती एकराच्या किमतीशी त्याची तुलना करून पाहा, म्हणजे कोणत्या शक्तीशी सामना आहे ते उमगेल.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. फ्रायर लॉरेन्स हा वाईट माणूस नाही. या लग्नामुळे दोन घराण्यांचे वैर मिटेल अशी त्याला आशा आहे. तो अनेक अंशी आपल्यासारखाच सद्हेतूचा सुधारक आहे. परंतु त्याची सारी मदत गुप्त आहे. लग्न गुप्त, रात्र गुप्त, औषध गुप्त, पत्र गुप्त. लग्न झाले आहे हे एकदा शहराला माहीत असते, तर बापाला पॅरिसशी दुसरे लग्न ठरविणे अवघड गेले असते. पत्र नेणारा साधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला आणि पत्र तसेच राहिले. याला योगायोग म्हणा; पण दोघांचे प्राण एका पत्रावर टांगलेले राहतील अशी योजना कोणी केली? आणि थडग्यापाशी ज्युलिएट जागी झाली तेव्हा बाहेरचा आवाज ऐकून हा भला माणूस घाबरून तिला तेथेच टाकून निघून गेला. गुप्त मदतीचा शेवट बहुधा असाच होतो. मदत करणाऱ्याला स्वतःलाच लपावे लागते.

आपल्या पुणे जिल्ह्यात फ्रायर लॉरेन्सचे गाव आहे. ते गाव आळंदी. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना जिथे वाळीत टाकले गेले असे परंपरा सांगते, तिथेच आज घरून पळालेली जोडपी दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन लग्न करतात. त्या गावाचे हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु हार घातले, छायाचित्र निघाले, की त्यानंतर पुढे काय? खोली कोण देणार, काम कोण देणार, पोलीस ठाण्यात बरोबर कोण येणार? लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती दोघे एकटी असतात.

लपूनछपून लग्न करावे लागते यात कायद्याचाही वाटा आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा हा आपल्या प्रजासत्ताकाच्या उत्तम कायद्यांपैकी एक आहे. १८७२ च्या जुन्या कायद्याखाली लग्न करायचे तर आपला कोणताच प्रचलित धर्म नाही असे जाहीर करावे लागे; १९२३ च्या दुरुस्तीने ती अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती सैल केली आणि १९५४ ने सर्वांसाठी काढून टाकली. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचे संरक्षण दिले होते. मात्र १९५४ च्या कायद्यात तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे. वधूवरांची नावे कार्यालयात ठळक जागी लागतात आणि कोणालाही आक्षेप नोंदविता येतो. शांत घरांना ही नोटीस निरुपद्रवी वाटते; ज्युलिएटच्या बाबतीत मात्र तिच्या घरी निरोप पोचविण्याचे काम सरकारच करते. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी वधूवरांच्या इच्छेवर सोडावी असा निर्णय दिला. देशभर तशी दुरुस्ती व्हावी ही मागणी आपण केली पाहिजे.

येथे कोणी विचारील की, मघाशी गुप्तता वाईट म्हणालात आणि आता नोटीस नको म्हणता, हे कसे? दोन्हींत विरोध नाही. उघडे कोणापुढे व्हायचे हा प्रश्न आहे. मारेकऱ्याला पत्ता कळविणे हा उघडपणा नव्हे. समाजापुढे, साक्षीदारांनिशी उभे राहणे हा उघडपणा आहे.

साक्षीदार हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला. २०१४ साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून, खून झाला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्याच जिल्ह्यात सोनई येथे २०१३ साली तीन दलित तरुणांची हत्या झाली. त्या खटल्यात २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. शिक्षेच्या कडकपणाने प्रश्न सुटत नाही. व्हेरोनाच्या राजानेही मारामारीला देहदंड जाहीर केला होता. खर्ड्याला कायद्याची वाण नव्हती. जे पाहिले ते न्यायालयात अखेरपर्यंत सांगणारी माणसे कमी पडली.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात सांगितले आहे की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहासाठी कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची संमती आवश्यक नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष असावेत, धोक्यात असलेल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार राज्यांनी करावा, असेही निर्देश त्यात आहेत. आपल्या जिल्ह्यात असा कक्ष आहे काय, त्याचा दूरध्वनी कोण उचलतो, निवाऱ्याची जागा कोठे आहे, याची चौकशी प्रत्येकाने परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात करावी. नसेल तर तो मोर्चाचा विषय आहे.

आणि ती दोघे दारी आली तर? प्रथम मुलीशी एकटीशी बोला. लग्नाचा निर्णय तिचा आहे की तिच्या वतीने दुसऱ्या कोणी घेतला आहे, हे समजून घ्या. वयाचे दाखले पाहा. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा नसेल तर लग्न लावू नका. ज्युलिएट आज तुमच्याकडे आली तर तिचे लग्न लावणे हा गुन्हा ठरेल. पण बापाने ठरविलेले पॅरिसशी लग्न हाही गुन्हाच ठरेल, आणि तो थांबविणे व तिला बाल कल्याण समितीपुढे नेऊन निवारा मिळवून देणे हे तुमचे काम राहील. दोघे सज्ञान असतील तर वकील गाठा, पोलिसांकडे लेखी अर्ज द्या, मुलाच्या वस्तीला संरक्षण मागा. आणि लग्नानंतर निदान वर्षभर त्यांच्या संसाराची विचारपूस ठेवा. राहायला जागा आणि हाताला काम या दोन गोष्टींवाचून धैर्य टिकत नाही.

तुमच्यापैकी काहींच्या मनातली शंका मला दिसते आहे. उघड उभे राहिलो तर गाव हातचे जाईल, पुढच्या निवडणुकीत बूथवर बसायला माणूस मिळणार नाही. ही शंका खोटी नाही. काही गावे खरोखरच जातील. डॉ. लोहिया आंतरजातीय विवाह ही सरकारी नोकरीची अट करावी असे म्हणत, तेव्हा त्याने मते वाढतील असा त्यांचा हिशेब नव्हता. जातीला दुखविल्याशिवाय मिळालेले गाव आपल्या विचाराचे झालेले नसते. ते केवळ एका उमेदवारापुरते आपले असते.

नाटकाच्या शेवटी दोन्ही बाप मुलांच्या प्रेतांपाशी हात मिळवितात. त्या क्षणीही कॅप्युलेट मॉण्टेग्यूचा हात मागतो तो मुलीला सासरकडून मिळावयाच्या देण्याच्या भाषेत, आणि मॉण्टेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारण्याचे वचन देतो. मग कॅप्युलेटही मागे राहत नाही, तो रोमिओचा पुतळा कबूल करतो. मुले गेली, आणि घराण्यांची चढाओढ पुतळ्यांत सुरू राहिली. मेलेल्या प्रेमिकांचा गौरव करणे समाजाला कधीच जड जात नाही. जिवंत जोडप्याला भाड्याने खोली देणे जड जाते.

विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाहाच्या वेळी वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. रोमिओ आणि ज्युलिएट यांना संपूर्ण व्हेरोनात उघडपणे सही करतील अशी तीन माणसे मिळाली नाहीत. आपापल्या तालुक्यात ती तीन माणसे कोण, यांची नावे आज येथून उठण्यापूर्वी ठरवा, आणि त्यांतले पहिले नाव स्वतःचे घाला.